रस्त्यावरची नजरानजर

बाजारच्या दिवशी तिसगावच्या पेठेतून सायकल नेणे ही एक वेगळीच कला आहे. नेणारा ती चालवतो असे म्हणणेही कठीण. अर्धा रस्ता तो एक पाय जमिनीला टेकवत, उरलेला अर्धा खाली उतरून हँडल धरत काढतो. दोन्ही बाजूंना पाल ठोकून बसलेले विक्रेते, मध्ये कांद्याची पोती उतरवणारे हमाल, पिशव्या सांभाळत घासाघीस करणाऱ्या बायाबापड्या, आणि या साऱ्यांतून वाट काढणारी मालाची टेम्पो. परक्या माणसाला वाटावे, इथे रोज दहा जणांचे हातपाय मोडत असतील. प्रत्यक्षात इथे कोणी कोणाला फारसे लागत नाही. धक्का लागतो, टोमॅटो सांडतात, दोन शब्दांची देवाणघेवाण होते आणि व्यवहार पुढे चालू राहतो.

पाथर्डी तालुक्यातील हे गाव रस्त्याच्या आधाराने वाढले. कल्याणहून निघून माळशेज घाटाने नगरकडे येणारा आणि पुढे करंजीचा घाट ओलांडून पाथर्डी, मराठवाडा व तेलंगणाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ इथून जातो. जुन्या लोकांच्या तोंडी त्याचा आकडा अजून २२२ असाच आहे. एका अंगाला कानिफनाथांची मढी, दुसऱ्या अंगाला वृद्धेश्वराचा डोंगर आणि आदिनाथनगरचा साखर कारखाना. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीच्या यात्रेला जाणारी गर्दी आणि तिथल्या प्रसिद्ध गाढवबाजारासाठी येणारे जथे याच रस्त्यांवरून जातात. म्हणजे पायी माणूस, जनावर, सायकल, बैलगाडी, ट्रॅक्टर, एसटी आणि चौदा चाकांचा ट्रक हे सगळे एकाच पट्ट्यावर.

या गर्दीत सायकलस्वाराची जागा मोठी चमत्कारिक आहे. पायी चालणाऱ्याला तो वाहन वाटतो आणि वाहनवाल्याला तो पादचारी वाटतो. दोघेही त्याच्याकडून आपल्यासाठी बाजूला होण्याची अपेक्षा करतात. म्हणूनच रस्त्यावरची माणसे एकमेकांशी कशी वागतात, हे त्याच्याइतके जवळून कोणी पाहत नाही.

एके काळी हा अनुभव व्यापारी घरांनाही होता. दुकानात पहिले वाहन आले ते सायकलच. आडत्याचा मुनीम कॅरिअरला चोपडी बांधून वाड्यावस्त्यांवर वसुलीला जाई, आणि परतताना हँडलला अडकवलेल्या पिशवीत उधारीच्या बदल्यात मिळालेला हरभरा किंवा शेंगा असत. शहरांत सायकलला नगरपालिकेचा कर होता, त्याचा पितळी बिल्ला समोर ठोकावा लागे. रात्री दिवा नसला किंवा मागे डबलसीट दिसली की पोलीस अडवत आणि चाकातील हवा सोडून देत. आज साठीच्या पुढे असलेल्या अनेकांना ती शिक्षा आठवत असेल. हवा सोडलेली सायकल ढकलत घरापर्यंत नेताना ओळखीची निम्मी पेठ वाटेत भेटत असे, हा तिचा खरा जाच होता.

आता दुकानापुढे मोटारसायकल आणि मोटार उभी असते. सायकल उरली ती शाळकरी मुलांकडे, दुकानात कामाला येणाऱ्या पोरांकडे, गवंड्यांकडे, दूध घालणाऱ्या म्हाताऱ्यांकडे आणि अलीकडे मधुमेहाच्या डॉक्टरांनी दम भरलेल्या काही शेठजींकडे. संख्येने हा वर्ग लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांपैकी सुमारे २३ टक्के पायी आणि सुमारे १३ टक्के सायकलने कामाला जात होते.

पेठेतल्या भेटींचे काही अलिखित नियम आहेत. पहिला नियम घंटीचा. नवशिका सायकलस्वार पाठमोऱ्या माणसाजवळ येताच जोरात घंटी वाजवतो आणि तिथेच फसतो. दचकलेला माणूस एक तर जागच्या जागी थिजतो, नाही तर नेमका ज्या बाजूने सायकल येत असते तिकडेच उडी मारतो. मुरलेला सायकलस्वार घंटी लांबूनच एकदा वाजवतो. जवळ आल्यावर तो ‘आजी, डाव्या अंगाने जातोय हो’ असे बोलतो. माणसाचा आवाज ऐकून माणूस दचकत नाही, मागे वळून पाहतो. दुसरी गोष्ट समोरासमोरच्या भेटीची. दोघे एकाच बाजूला सरकतात, मग दोघेही दुसऱ्या बाजूला, मग पुन्हा पहिल्या. शेवटी दोघे थांबून हसतात. मोटारीत बसलेल्या माणसाच्या वाट्याला हे हसू येत नाही, कारण काचेआडून ते दिसतच नाही.

आणि खेड्यातला पादचारी सायकलला कधी कधी थेट थांबवतो. ‘अरे बाळा, वेशीपर्यंत एवढी पिशवी ने’ म्हणत अनोळखी आजी पिशवी हँडलला अडकवूनही टाकते. होकाराची वाट पाहण्याची पद्धत नाही. मग बाळ सायकलवर बसू शकत नाही, कारण आजी पायी आहेत. तो हातात सायकल धरून त्यांच्या चालीने चालतो, आणि वेशीपर्यंतच्या वाटेत तो कोणाचा कोण, आजोळ कुठले, याची पूर्ण चौकशी होऊन जाते.

गावाची शेवटची पाले मागे पडली आणि हमरस्ता मोकळा झाला की सगळे पालटते. रस्ता रुंद, गर्दी नाही, समोर लांबवर स्पष्ट दिसते. मुलाला सायकल देताना आईला पेठेची भीती वाटते आणि मोकळ्या रस्त्यावर तो पोचला की तिचा जीव भांड्यात पडतो. हिशेब मात्र उलटा आहे. पेठेत सगळ्यांचा वेग जवळपास सारखा असतो. चालणारा ताशी पाच, सायकल दहा-पंधरा, टेम्पो त्याहून किंचित जास्त. मोकळ्या रस्त्यावर सायकल पंधरावरच राहते आणि तिच्या मागून येणारा ट्रक ऐंशीने येतो. त्या वेगाने एका सेकंदात तो बावीस मीटर पुढे सरकतो. चालकाच्या डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढे अंतर संपते, गाडी थांबायला तर त्यानंतर सुरुवात होते. आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी तीसच्या तुलनेत ऐंशीचा आघात सातपट असतो. म्हणूनच जिथे माणसे आणि वाहने मिसळतात तिथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर ठेवावा, असे २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्याने सर्व देशांना सांगितले. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील जवळपास प्रत्येक पाचवा माणूस पायी चालणारा होता.

चालकांना सरसकट दुष्ट ठरवणे मात्र सायकलस्वारांनाच पटणार नाही. शाळा सुटल्यावर मुलींचा घोळका सायकलींवरून रस्ताभर पसरला असताना, घंटीचे उत्तर भोंग्याने न देता बस कडेच्या मातीत उतरवून हळूच पुढे काढणारे एसटीचे चालक याच रस्त्यावर दिसतात. पंक्चर झालेली सायकल ढकलणाऱ्याला पाहून थांबणारे आणि सायकलीसह त्याला ट्रॉलीत चढवून घेणारे ट्रॅक्टरवालेही दिसतात. ट्रकचा क्लीनर दाराबाहेर झुकून पत्र्यावर थाप मारतो, तेव्हा ती शिवी नसते. ‘मी तुला पाहिले आहे, तू सरळ चाल’ असा तो निरोप असतो. खरी भीती निरोप न देणाऱ्याची असते. आपण दिसलोच नाही, हे सायकलस्वाराला गाडी अंगावरून गेल्यासारखी जवळून गेल्यावर कळते.

दिसणे आणि पाहिले जाणे यांचा हा खेळ इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या डॉ. इयन वॉकर यांनी मोजून पाहिला. वाहतुकीच्या मानसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या या प्राध्यापकाने आपल्या सायकलला अंतर मोजणारे यंत्र बसवले आणि सॉल्सबरी व ब्रिस्टल या शहरांत स्वतः सायकल चालवून, ओलांडून जाणाऱ्या दोन हजारांहून अधिक वाहनांनी किती अंतर सोडले याची नोंद केली. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. डोक्यावर हेल्मेट असताना वाहने सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेली. मग त्यांनी लांब केसांचा टोप घालून पाहिला, म्हणजे मागून येणाऱ्याला बाई वाटावी. वाहनांनी अधिक अंतर सोडले. प्रयोगाच्या काळात त्यांना एकदा बसची आणि एकदा ट्रकची धडक बसली. दोन्ही वेळा डोक्यावर हेल्मेट होते. हेल्मेट फेकून द्यावे असा अर्थ वॉकर यांनी काढलेला नाही, कोणी काढूही नये. पडल्यावर डोके वाचवायला तेच लागते. मुद्दा चालकाच्या मनाचा आहे. समोरचा माणूस सराईत आहे असे वाटले की तो कमी काळजी घेतो, नाजूक आहे असे वाटले की जास्त. म्हणजे अंतर हाताने सुटत असले तरी ते ठरते मनात, आणि पाठमोऱ्या माणसाकडे एक क्षण पाहिल्यावर.

याच गोष्टीवर नेदरलँड्समधील हान्स मॉंडरमन या वाहतूक अभियंत्याने आपले सारे काम उभे केले. ड्राख्टन या गावातील वर्दळीच्या चौकातून त्यांनी सिग्नल आणि बहुतेक फलक काढून टाकले. कारंजी आणि मोकळी फरसबंदी ठेवली. मोटार, सायकल आणि पादचारी यांनी एकमेकांकडे पाहूनच पुढे जायचे. पाहुणे आले की मॉंडरमन बोलत बोलत उलट्या पावलांनी त्या वाहतुकीत शिरत, आणि वाहने त्यांच्या भोवतीने निघून जात. २००८ मध्ये ते वारले. तिसगावच्या पेठेने ड्राख्टनचे नाव ऐकलेले नाही, पण बाजारच्या दिवशी तिथे जे चालते ते फारसे निराळे नाही. फरक एवढाच की तिकडे वाहनांचा वेग आधी कमी करून घेतला आणि मग फलक काढले. आपल्याकडे महामार्ग गावातून जातो आणि गावाबाहेरचा वेग चालक सोबत घेऊनच पेठेत शिरतो. नजर भिडायला वेळ लागतो, तो वेग कमी असल्याशिवाय मिळत नाही.

मुलींच्या सायकलीबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. १९९१ नंतर तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरता मोहिमेत सायकल शिकवण्याचा समावेश केला. एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. सुरुवातीला रस्त्यावरच्या पुरुषांच्या घाणेरड्या शेऱ्यांना तोंड द्यावे लागले. संख्या वाढली तसे शेरे आटत गेले. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींसाठी सायकल योजना आणली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. शाळा दूर असलेल्या गावांत लाभ अधिक दिसला. मुली एकत्र निघतात, घोळक्याने जातात आणि घोळका रस्त्याला दिसतो. कॅलिफोर्नियातील सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये दाखवले की चालणाऱ्यांची किंवा सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाली, तर प्रत्येकाचा धोका जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो. चालकाच्या नजरेला सवय होते. एकटी सायकल त्याला अपवाद वाटते, दहा सायकली दिसल्या की तो अकराव्या सायकलीची वाट पाहतो. तेव्हा शेजारच्या घरातील मुली एकाच वेळी, एकाच ओळीने शाळेला निघाव्यात एवढी व्यवस्था पालकांनी आपसांत केली, तरी ती महागड्या सायकलीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

या परिसरातील रस्त्यांना वर्षातील एक काळ विशेष कठीण जातो. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो आणि साधू-साध्वींचे विहार सुरू होतात. त्याच सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. एकीकडे अनवाणी पायांनी कडेने चालणारे संत, दुसरीकडे दोन ट्रॉल्या जोडलेले आणि उसाची टोके दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेले ट्रॅक्टर. वर सकाळचे धुके. हा भाग आचार्य आनंदऋषीजींचा. चिचोंडीला १९०० मध्ये त्यांचा जन्म, मिरीला १९१३ मध्ये दीक्षा, पाथर्डीला त्यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली धार्मिक परीक्षांची संस्था. त्यामुळे इथल्या रस्त्यांवर विहार नित्याचा आहे, आणि विहारातील अपघातांच्या बातम्या वाचून अस्वस्थ न झालेले घर समाजात नसेल.

ईर्यासमिती सांगते की पुढची साडेतीन-चार हात जमीन पाहत चालावे, पायाखाली जीव येऊ नये. म्हणजे विहारातील साधूची नजर जमिनीवर असते. समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत पाहण्याचा जो उपाय सायकलस्वाराला आणि बाजारातल्या आजीला उपलब्ध आहे, तो त्यांना जवळपास नाहीच. दुसऱ्या जिवांसाठी ज्यांनी आपली नजर खाली ठेवली आहे, त्यांच्या वाट्याची नजर कोणीतरी वर ठेवायला हवी. गावोगावचे विहार सेवा गट हेच करतात. चमकणारी जाकिटे घालून तरुण पुढे-मागे चालतात, वृद्ध साध्वींची चाकाची खुर्ची ढकलतात. यात एखाद-दुसरी सायकल जोडली तर काम सोपे होते. मागे शंभर पावलांवर राहून वळणावर हात दाखवणारा सायकलस्वार ट्रकचालकाला आधी दिसतो, संघ नंतर. मोटारसायकलला इतका हळू वेग फार वेळ साधत नाही. सायकलला तो साधतो. जाकीट सर्वांत मागच्या माणसाच्या अंगावर असावे, मधल्याच्या नव्हे. हे किरकोळ वाटते, पण बहुतेक वेळा जाकीट गटप्रमुखाकडे असते आणि गटप्रमुख महाराजांच्या शेजारी असतो.

ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीला मागे दिवा नसेल तर अंधारात सायकलस्वाराला ती दिसत नाही, आणि मागून येणाऱ्या मोटारीलाही दिसत नाही. लाल चमकपट्टीचा खर्च एका पोत्याच्या हमालीपलीकडे फारसा जात नाही. शाळकरी पोरे चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढतात किंवा एका हाताने ट्रॉली धरून फुकट ओढून घेतात. त्यांना रागावण्यापेक्षा ट्रॉलीवाल्याने गाडी थांबवून दोन टिपऱ्या हातावर ठेवलेल्या बऱ्या, असे जुने गाडीवान मानत. त्यात शहाणपण आहे.

अपघात झालाच तर काय, याची माहिती व्यापारी घरांत अजून कमी आहे. पेढीवरचा माणूस जखमीला उचलायला धजत नाही, कारण पोलीस ठाण्याच्या चकरा त्याला नको असतात. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. सायकल हे मोटार वाहन नाही, तिला परवाना लागत नाही, विमाही लागत नाही. मोटारीने धडक दिली तर सायकलस्वार आणि पादचारी हे तिच्या विम्याच्या दृष्टीने ‘तिसरी व्यक्ती’ ठरतात आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागू शकतात. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो. दुकानातील नोकर, हमाल, दूधवाला यांच्यापैकी कोणावर अशी वेळ आली, तर तो अर्ज भरून देण्याचे काम पेढीवरचा लिहिता-वाचता माणूस तासाभरात करू शकतो. न केल्यास तो बहुधा कोणीच करत नाही.

शेवटी मोटारीच्या दाराविषयी. पेठेत दुकानासमोर गाडी उभी राहते, मालक मागे न पाहता उजव्या हाताने दार ढकलतो आणि त्याच क्षणी शेजारून जाणारी सायकल त्यावर आदळते. सायकलस्वार पडतो तो रस्त्याच्या मध्यावर, म्हणजे मागून येणाऱ्या वाहनापुढे. नेदरलँड्समध्ये दार लांबच्या हाताने उघडायची सवय लावतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा त्याने दार डाव्या हाताने उघडायचे. मागच्या आसनावर डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने. हात आडवा गेला की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि मागून येणारी सायकल, तिच्या हँडलला अडकवलेली आजीची पिशवी आणि शेजारून चालणाऱ्या आजी, तिन्ही दिसतात.